दरवाज्यात लपलेलं साल

जूनचं ऊन, कॅन्सस. धान्याच्या उंच काँक्रीट कोठारासमोर गव्हाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली आहे आणि तुम्ही धुळीत, शेवरलेटच्या एका हिरव्या पिकअपशेजारी उभे आहात. साल कोणाला विचारू नका. गाडीच सांगेल.

आधी तोंड बघा. जाळीत पाच आडव्या पट्ट्या, समोरची काच मधोमध दुभागलेली. महायुद्धानंतर, 1947च्या उन्हाळ्यात शेवरलेटने बाजारात आणलेली ही नवी घडण. 1954मध्ये ही जाळी जाईल, काचही अखंड होईल. बॉनेटच्या कडेला 3100 लिहिलंय, म्हणजे अर्ध्या टनाची गाडी. 3600 असतं तर पाऊण टनाची. हे आकडे तिथे 1949पासून दिसतात. त्याच वर्षी पेट्रोलची टाकी हौद्याखालून निघून केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे गेली. झाकण उजव्या दाराच्या मागे, केबिनच्याच अंगावर आहे बघा.

आता दरवाज्यापाशी थांबा. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात उघडणारी त्रिकोणी काच आहे, आपल्याकडच्या जुन्या फियाटला असायची तशी. ती 1951मध्ये आली. या साऱ्या बदलांत मला तिचंच मोल जास्त वाटतं, कारण घामाने निथळणाऱ्या चालकाच्या चेहऱ्यावर तिने वारा वळवला. मूठ धरा. तापली आहे, आणि दार उघडायला ती खाली फिरवावी लागते. 1952च्या मॉडेलला मुठीत बटण आलं. त्रिकोणी काच आहे आणि बटण नाही, ही जोडी 1951चीच.

पुढच्या काळात या गाड्यांची दारं एकमेकींना बसवली जातील. तेव्हा एकट्या दारावर विसंबून चालणार नाही. जाळी, टाकी, काच, मूठ सगळ्यांची साक्ष जुळवावी लागेल. इथे अजून कोणी काही बदललेलं नाही, म्हणून ही रांग डोळे भरून बघून घ्या.

मागच्या पिकअपच्या मुठीत मात्र बटण आहे! म्हणजे आपली हिरवी गाडी 1951ची असली, तरी हा जून 1952च्या आधीचा असूच शकत नाही. चालक आत बसतो, स्टार्टर पायाने दाबतो, सहा सिलिंडरचं इंजिन घरघरतं आणि गाडी वजनकाट्यावर चढते.