‘असे कधी घडते का?’

आमचे निर्मल हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. हलक्या लाकडाच्या फळांना येथील कारागीर असा रंग देतात की, लहान मूल ते फळ खाण्यासाठी हात पुढे करते. माझ्या वर्गातील एका मुलीने मध्यंतरी मला अशाच एका गोष्टीविषयी प्रश्न विचारला. एक रहस्यमय प्रेमकथा परत करताना ती म्हणाली, “सर, पुस्तक खाली ठेववेना. पण असे कुणाच्या घरी कधी घडते का?”

श्रोतेहो, हा अभिप्राय ऐकून मला मौज वाटली. कारण मराठी कादंबरी बाल्यावस्थेत असताना तिच्या वाचकांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 साली प्रसिद्ध झाली. सुशील नायिका, दुष्टांची कपटकारस्थाने, ताटातूट आणि अखेरीस सज्जनांचा जय, असा तिचा घाट आहे. पुढे काय होणार, या उत्कंठेने लोकांनी ती वाचली. 1868 साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. तीत अद्भुताचा रंग अधिकच गडद होता. मात्र रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. आपल्या लोकांच्या विवाहाच्या रीती आणि एकंदर आयुष्यक्रम असा आहे की, त्यात मनोरंजक असे काही सापडत नाही. नित्याचे अनुभव लिहावेत तर वाचक रमणार कसा? म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिचे लग्न लागे. वराची निवड वडीलधारी मंडळी करीत. मग प्रीती जुळणे, संशय येणे, विरह सोसणे हे सारे लेखकाने कोठून आणावे? त्याला दूरदेशीचे राजवाडे आणि अरण्ये धुंडाळावीच लागली. ज्या वाचकाला स्वतःच्या आयुष्यात निवडीची संधी नव्हती, त्याला ती पुस्तकात तरी मिळाली. या कादंबऱ्यांना नुसते हसून सोडून देऊ नये, असे मला वाटते ते याचसाठी.

परंतु सर्वच वाचकांचे एवढ्यावर समाधान झाले नाही. 1872 साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांविषयी निबंध लिहिला. कादंबरीला त्या काळी ‘नावल’ही म्हणत. कथेतील गोष्ट संभवनीय असावी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवला होता!

मग आपल्या घरांत खरोखरच सांगण्यासारखे काही नव्हते काय? विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांची दुःखे वेशीवर टांगली. ते पुस्तक धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिले होते, हे माझ्यासारख्या ख्रिस्ती शिक्षकाने लपविण्याचे कारण नाही. त्या हेतूचे ओझे कथेवर पडले आहे. तरीही कादंबरीचा विषय माजघरातच बसला आहे, हे पदमनजींनी रिसबुडांच्या अकरा वर्षे आधी दाखविले होते.

या वादाचा खरा निकाल हरिभाऊ आपट्यांनी लावला. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ 1885 ची. तिला आधार होता रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या रहस्यकथेचा. उत्कंठा कशी वाढवावी हे हरिभाऊ अशा लेखकांकडून शिकले. पण पुढे ‘करमणूक’ पत्रातून 1890 पासून ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहिताना त्यांनी ती उत्कंठा पुण्यातील एका घरात आणली. तेथे राजवाडा नाही, भुयार नाही. यमू नावाची मुलगी आपलीच हकीकत सांगते. पती गेल्यावर तिच्या केसांवर वस्तरा फिरणार की काय, या धास्तीने वाचकाचा जीव टांगणीला लागतो. असे कधी घडते का, हे विचारण्याची सोयच उरली नव्हती. ते घरोघर घडत होते.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले. रहस्यकथा वाचू नकोस, असे मात्र म्हटले नाही. खोटे फळ पाहून हात पुढे करणारे मूलच पुढे खऱ्या फळाची पारख शिकते. तिच्या हाती मी यमूची कहाणी ठेवली. आठवड्याने तिने पुस्तक परत आणले. यावेळी तिने काहीच विचारले नाही. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाली, “सर, माझ्या आजीच्या आईचे लग्न नवव्या वर्षी झाले होते म्हणे.”