दुर्बिणीने खडा निघाला, मग पित्ताशय कशाला काढायचे?

‘तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतला खडा काढला, कावीळ उतरली, दुखणेही थांबले. आता ऑपरेशन कशाला?’ असे तुम्हालाही वाटत असेल, तर थोडा इतिहास पाहू या.

१८८२ मध्ये बर्लिनचे सर्जन कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा संपूर्ण पित्ताशय काढले. त्याआधी फक्त खडे काढत आणि ते पुन्हा होत. लांगेनबुख यांचे म्हणणे साधे होते: पित्ताशयात खडे आहेत म्हणून नव्हे, तर ते खडे तयार करते म्हणून ते काढायचे.

काही खडे घसरून पित्तनलिकेत अडकतात. त्यासाठी पूर्वी पोट उघडून नलिकेला छेद द्यावा लागे. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये कावाई यांनी एंडोस्कोपीतून नलिकेचे तोंड कापून मोठे करण्याची पद्धत मांडली. आजच्या ईआरसीपीत खडा याच वाटेने बाहेर येतो. पुढे १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढले. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया भारतात आणली. तेव्हापासून ‘आधी ईआरसीपी, मग लॅपरोस्कोपी’ ही पद्धत रुळली.

मग प्रश्न आला, मध्ये किती दिवस थांबायचे? नेदरलँड्समधील दोन अभ्यासांनी उत्तर दिले. २००२ च्या अभ्यासात ईआरसीपीनंतर पित्ताशय तसेच ठेवलेल्यांपैकी ४७ टक्के रुग्णांना पुन्हा त्रास झाला. काढलेल्यांत फक्त २ टक्के. २०१० च्या अभ्यासात ६ ते ८ आठवडे थांबलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के रुग्णांना वाट पाहतानाच त्रास झाला. ७२ तासांत शस्त्रक्रिया ठरलेल्या गटात तो जेमतेम एकाला झाला.

शिवाय वारंवार सूज आली की पित्ताशय आजूबाजूला चिकटते. शस्त्रक्रिया अवघड होते, कधी पोट उघडावे लागते.

म्हणून प्रकृती ठीक असेल, तर शक्यतो त्याच भरतीत ऑपरेशन उरकून घ्या. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा वय, हृदयविकार यांमुळे भूल देणे धोक्याचे असेल, तर वेळ तुमचे डॉक्टर ठरवतील. स्टेंट घातला असेल तर तो काढण्याची तारीख लिहून ठेवा. थांबावे लागले आणि थंडी वाजून ताप, कावीळ किंवा पोटात तीव्र दुखणे सुरू झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दुखणे थांबले, तरी खडे तयार करणारी पिशवी पोटातच आहे, हे विसरू नका.