घडणावळीचा हिशेब

कोणत्याही संस्थेचा ताळेबंद उघडावा. त्यात इमारत, ठेवी, सामानसुमान व येणे-देणे यांची पै-पैची नोंद आढळते. परंतु ज्या माणसांच्या ज्ञानावर व कसबावर ती संस्था उभी असते, त्यांचे मोल त्यात सहसा कोठेच मांडलेले नसते. ही उणीव हिशेबशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष मनावर घेतली. आम्हां तांबटांस मात्र हा प्रश्न पिढ्यान्पिढ्या परिचयाचा आहे.

नाशिकच्या तांब्यापितळेच्या कामाची दखल १८८३ सालच्या जिल्हा गॅझेटियरानेही घेतलेली आहे. या धंद्यात गिऱ्हाइकाने हंडा घेतला म्हणजे त्याच्या किमतीचे दोन भाग होत: वजनावर धातूचे मोल, आणि त्यावर घडणावळ. ही घडणावळ म्हणजेच कारागिराच्या विद्येची किंमत होय. पुढे तोच हंडा मोडीत निघाला की केवळ धातूचा भाव हाती येई, घडणावळ बुडे. मठारकाम पाहणाऱ्यास ती निव्वळ शोभा वाटते. परंतु एकसारख्या ठोक्यांनी तांबे कठीण होते व भांड्यास बळकटी येते. किती ठोकल्यावर ते पुन्हा तापवून नरम करावे, हे कारागिराच्या हातास कळते. खातेवहीस ते कळत नाही.

हे हातातले ज्ञान मोजण्याचे यत्न इतरत्रही झाले. अमेरिकेतील ओहायो राज्यात सपाता तयार करणाऱ्या आर. जी. बॅरी या कंपनीने १९६० नंतरच्या दशकात आपल्या व्यवस्थापकांची निवड व शिक्षण यांवरील खर्च भांडवल म्हणून मांडून पाहिला. १९७१ साली बारूख लेव्ह व आबा श्वार्त्झ यांनी निराळी रीत सुचविली. सेवकास निवृत्तीपर्यंत जे वेतन मिळावयाचे, त्याचे आजचे मूल्य काढावे, अशी ती रीत होती. आपल्या देशात भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीने १९७४-७५ च्या सुमारास अशा हिशेबास आरंभ केला, आणि १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसनेही पुढे तो मार्ग अनुसरला.

या रीतीत एक मोठी खोच आहे. वेतन हेच माप धरले, तर मठारकामात मुरलेल्या वृद्ध कारागिराचे मोल शून्य ठरते. कारण त्यास पुढे मिळावयाचे वेतनच उरलेले नसते. दुसरी अडचण अशी की, माणूस संस्थेच्या मालकीचा नसतो. म्हणूनच हिशेबाचे प्रचलित नियम कुशल सेवकांस सामान्यतः मालमत्तेत धरू देत नाहीत. सेवक नोकरी सोडून गेला तर त्याची विद्या दुसऱ्या कचेरीत तरी जाते. आमच्या कारागिराची विद्या, शिष्य नसेल तर, त्याच्याबरोबर जगातूनच जाते.

यंत्राचा पत्रा आला, ॲल्युमिनियम व पोलाद घरोघर शिरले, मुले शिकून कारखान्यांत व कचेऱ्यांत गेली. त्यांच्या प्रगतीचा आम्हांस अभिमानच आहे. त्यांना पुन्हा भट्टीपुढे बसवावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु समाजाच्या शिलकेत केवळ पदव्या मोजाव्या आणि हात मोजू नयेत, हा हिशेब अपुरा होय.

यास्तव ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे की, वार्षिक जमाखर्चाबरोबर आणखी एक वही घालावी. तिच्यात तीन रकाने असावेत: कोणास काय येते, तो कोणापासून शिकला, आणि त्याने कोणास शिकविले. आकड्यांची गरज नाही; घराघरांत स्पर्धा लावण्यासाठी तर ही वही मुळीच नव्हे. ज्याच्या नावापुढे तिसरा रकाना कोरा राहील, त्याच्या दारी समाजाने प्रथम जावे. तेथे उशीर केला, तर आमच्याही हाती मोडीचाच भाव उरेल.