मारुतीच्या गुडघ्यापासून आपल्या बाटलीपर्यंत

मागच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "पाणी मोजायचं न् तपासायचं हे खूळ तुम्ही कुठून आणलं?" आजच्या गप्पा त्यावरच.

आजी, हे खूळ आपल्या नाशिकचंच आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण गोदाकाठच्या बाया काय विचारतो? "मारुतीला कुठवर लागलं?" गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती म्हणजे साऱ्या जिल्ह्याची पूर मोजायची काठी. गुडघ्याला पाणी लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. कमरेच्या वर गेलं की खाली सायखेडा-चांदोरीकडे गुरं सोडायची, धान्य माळ्यावर टाकायचं. १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा त्याच्याही वर. पाणी तिच्यापर्यंत गेलं म्हणजे महापूर. १९६९ चा पूर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. २००८, २०१६ आणि २०१९ चे आपणच पाहिले. सरकारी मोजपट्ट्या असतातच, पण घरात बसून समजते ती मारुतीची.

पुराचं झालं. दुष्काळ कशावर मोजायचा? १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्या खडी फोडायला गेल्या. त्याच साली राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिने गावोगावच्या काही विहिरी निवडल्या, त्यांना निरीक्षण विहिरी म्हणतात. वर्षातून चार वेळा माणूस येतो, टेप सोडतो, पाणी किती खोल आहे ते लिहून नेतो. पावसाळा संपतानाची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात, पाऊस किती कमी झाला तेही बघतात. उन्हाळ्यात कोणत्या गावाला टंचाई येईल याचा अंदाज त्यावर बांधतात.

आता खरं सांगा, हे आपल्याला नवीन होतं का? "औंदा चैत्रातच तीन हात दोर जास्त लागतोय," असं आज्या विहिरीवर बोलायच्याच. तेही मोजमापच. फक्त ते कोणी लिहिलं नाही, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटतं. टेपवाल्याचा आकडा फायलीत गेला, दोरवालीचा हवेत गेला.

पण हे सगळं किती पाणी, एवढ्यापुरतं. कसं पाणी, हे उशिरा आलं. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. आपल्या गोदावरीच्या घाणीबद्दल मुंबई उच्च न्यायालयात २०१२ मध्ये जनहित याचिका झाली, नीरी या संस्थेचा अभ्यास झाला. सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली दरवर्षी वाहत येऊन आपल्या पुलाला अडकतात. ती घाण डोळ्यांना दिसते तरी.

विहिरीतली दिसत नाही. द्राक्षबागेला, कांद्याला, उसाला टाकलेलं खत आणि उकिरड्याचा, संडासाचा पाझर यातून नायट्रेट खाली उतरतं. पाणी नितळ, चव गोड, आणि तरी लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असेल तर ते प्यायला चालत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर त्याचं रक्त प्राणवायू नीट वाहत नाही, बाळ निळं पडतं. टीसीएल पावडरने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उकळून तर ते आणखी दाट होतं. हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. आम्ही उकळून निर्धास्त होतो.

२०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झालं. त्यात दर गावातल्या पाच बायांना पाणी तपासणीचा संच वापरायला शिकवायचं ठरलं. आमच्यातल्या पाचजणी शिकल्या. पहिल्यांदा आम्ही सरबताच्या बाटलीत नमुना भरून नेला आणि हसं करून घेतलं. दुसऱ्यांदा वस्तीवरच्या विहिरीचं पाणी जंतू तपासायच्या बाटलीत भरून उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी काळं! पंचायतीत कोणी म्हणालं, बायांनी काहीतरी चुकवलं असेल. आम्ही पुन्हा भरलं, तेव्हा जलसुरक्षकाला शेजारी उभं केलं. पुन्हा काळं. मग सगळे विहिरीवर गेले. कठड्याला भेग होती आणि गुरं धुतलेलं पाणी तिथूनच आत उतरत होतं.

भेग बुजली, टीसीएल पडली, पुढची बाटली साफ आली. नायट्रेटचा नमुना मात्र आम्ही उपविभागीय प्रयोगशाळेत पाठवतो, कारण संचातला रंग म्हणजे नुसता अंदाज.

आता आमच्या गटाच्या वहीत बचतीच्या हिशोबामागे दोन रकाने आखलेत. एकात दोर किती हात लागला, दुसऱ्यात बाटलीचा रंग काय आला. दोराचा रकाना आजींनी सांगायचा आणि शाळेतल्या नातीने लिहायचा, असं ठरलंय. चैत्रापासूनची पानं भरलीत. पावसाळा लागला की पुन्हा सगळ्या विहिरी तपासायच्या आहेत, तेव्हा धुतलेल्या, झाकणाच्या बाटल्या घेऊन या. सरबताच्या नकोत.