जुन्या स्पोर्ट्स कारचं ॲलॉय व्हील चमकवायचंय? पॉलिश पेपर हातात घेण्याआधी हे वाचा

जुनी स्पोर्ट्स कार आणि मुंबई-गोवा हायवे ही जोडी कुणालाही मोहात पाडेल अशीच आहे. पण राजापूर येईपर्यंत गाडीची चाकं बघवत नाहीत. जांभ्याची लाल धूळ, डांबराचे ठिपके, ब्रेकची काळी पूड आणि त्यातून एखाद्या कोपऱ्यात चंदेरी रंगाला आलेला फुगवटा.

मग कुणीतरी सल्ला देतं, "रंग काढून टाक, आतलं ॲल्युमिनियम आरशासारखं पॉलिश कर." फोटोत ते भारी दिसतंही. पण कोकणात हा सल्ला बऱ्याचदा महागात पडतो. का, ते समजून घेऊ.

एकच शब्द, तीन अर्थ

आपल्याकडे ‘पॉलिश’ म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी होतात. पहिली, रंगाच्या वरच्या थराला चकाकी आणणं. दुसरी, उघडा धातू घासून आरसा करणं. आणि तिसरी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर, जो खरं तर घासून थर उतरवायचं काम करतो. रंगवलेल्या चाकाला बहुतेक वेळा फक्त पहिलं पॉलिश हवं असतं. गोंधळ झाला की चाकाचा रंग जातो.

ॲल्युमिनियमच्या चाकाला रंग कशाला?

ॲल्युमिनियमचं चाक हलकं असतं, म्हणून ते आधी शर्यतीच्या गाड्यांवर आलं. १९२४ साली बुगाटीच्या टाइप ३५ या गाडीवर ओतीव ॲल्युमिनियमची चाकं होती. १९६६ मध्ये पोर्शे ९११ एस आली ती फुक्स कंपनीच्या घडीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर. त्या चाकांच्या पाच पाकळ्या आणि मधला काळा रंग आजही लगेच ओळखू येतो.

ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो. ते लोखंडासारखं लाल होत नाही, इतकंच खरं. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच आतल्या धातूला जपतो. पण मीठ हा थर जागोजागी फोडतं आणि तिथे बारीक खड्डे पडायला लागतात. शिवाय हा थर साधारण ४ ते ८.५ पीएचमध्येच टिकतो. त्याहून आंबट किंवा त्याहून खारट-सोडायुक्त काहीही लागलं, की तो विरघळतो. म्हणून कारखान्यात चाकावर प्रायमर, रंग आणि बऱ्याचदा वर पारदर्शक क्लिअर कोट देतात.

राजापूर परिसरात काळजी जास्त का?

राजापूर शहर खाडीच्या वरच्या अंगाला आहे, तालुक्याला जैतापूर-नाट्यासारखा किनाराही आहे. हवेत मीठ आणि दमटपणा दोन्ही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अर्जुना आणि कोदवलीचं पाणी पावसाळ्यात राजापूरच्या बाजारपेठेत शिरतं, हे तर दरवर्षी बातम्यांत दिसतं.

अशा हवेत रंगाला दगडाचा एक टवका उडाला तरी पुरतो. त्या फटीतून मीठ आणि ओल आत जाते आणि रंगाखाली पांढरे, दोऱ्यासारखे वळणदार माग दिसू लागतात. दोऱ्याचं पुढचं टोक धातू खात पुढे सरकतं आणि मागे पांढरी पूड सोडतं. वरून कितीही पॉलिश मारलं तरी हे थांबत नाही, कारण दुखणं रंगाखाली असतं.

उघडं, आरशासारखं चाक तर या हवेत फार लवकर मंद पडतं. मग पुन्हा घासा, पुन्हा मेण लावा. प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, आणि जुन्या गाडीचं मूळ चाक पुन्हा मिळेलच असं नाही.

आधी ओळखा: चाकावर नेमकं काय आहे?

चाक धुऊन वाळवा. मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या सुती कापडावर थोडं पॉलिश घेऊन हलकं घासा.

- कापड जवळपास स्वच्छ राहिलं, तर वर क्लिअर कोट आहे.
- कापडावर चंदेरी किंवा चाकाचाच रंग आला, तर क्लिअर कोट नाही, थेट रंग आहे. जुन्या गाड्यांवर हे असू शकतं. इथे हात फार हलका हवा.
- कापड काळं झालं, तर तिथे उघडा धातू आहे.

जुन्या फुक्ससारख्या काही चाकांवर ॲनोडायझिंग असतं, म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर जाड केलेला असतो. त्यावर धातूचं पॉलिश चालवलं की थर जागोजागी उडतो आणि चाक डागाळलेलं दिसतं.

आणखी एक खात्री करा. गॅरेजमध्ये ॲलॉय व्हीलला सर्रास ‘मॅगव्हील’ म्हणतात. हे नाव मॅग्नेशियमवरून आलं आणि जुन्या स्पोर्ट्स कारवर खरोखरच मॅग्नेशियमची चाकं असू शकतात. मागच्या बाजूला उघड्या धातूवर व्हिनेगरचा एक थेंब टाका. लगेच फेस आला तर ते मॅग्नेशियम समजा आणि थेंब पुसून धुऊन टाका. त्याची बारीक पूड पेट घेते आणि ती आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते. असं चाक घरी घासू नका.

रंग शाबूत असेल तर काम कसं करायचं?

१. गाडी सावलीत उभी करा, चाक पूर्ण थंड होऊ द्या.

२. आधी भरपूर पाणी मारा. जांभ्याची धूळ कोरडी पुसली की ती पॉलिश पेपरसारखीच ओरखडे काढते. मग सौम्य कार शाम्पूने धुवा. मागची बाजू विसरू नका, मीठ तिथेच साठतं.

३. डांबराचे ठिपके टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने अलगद काढा. आधी लपलेल्या जागी रंग मऊ होत नाही ना, हे बघा.

४. ब्रेकच्या लोखंडी कणांसाठी पीएच न्यूट्रल ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. लोखंड सापडलं की तो जांभळा होतो. चाकावर वाळू न देता धुवा.

५. रंगासाठीचं बारीक पॉलिश मायक्रोफायबर कापडावर घेऊन हातानेच घासा. गाडीवरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाहूनही पातळ. चाकाच्या कडांवर तर तो आणखी कमी. ड्रिलला बफ लावून कडा घासल्या की रंग उडालाच.

६. शेवटी मेण किंवा सीलंट लावा. कोकणात पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा हे करणं फायद्याचं.

या चुका टाळा

- चिंच, आमसूल, लिंबू: तांब्या-पितळेला ठीक, ॲल्युमिनियमला नाही.
- कॉस्टिक सोडा: ॲल्युमिनियमशी याची जोरदार प्रक्रिया होते, उष्णता आणि हायड्रोजन वायू तयार होतो.
- लोखंडी तारेचा ब्रश किंवा घासणी: लोखंडाचे कण धातूत रुततात आणि तिथूनच खड्डे सुरू होतात.
- उन्हात तापलेल्या चाकावर कोणतंही केमिकल.

रंगाखाली फुगवटा आलाच असेल तर?

छोटा टवका असेल तर तेवढीच जागा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सैल रंग आणि पांढरी पूड जाईपर्यंत घासा, धुऊन पूर्ण वाळवा. मग ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट, याच क्रमाने. प्रायमर गाळून थेट रंग मारला तर तो लवकरच सुटेल.

चाकभर दोरे पसरले असतील तर चांगल्या पेंटरकडे द्या. पावडर कोटिंग करणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: भट्टी किती तापमानाची आणि किती वेळ? चाकाच्या धातूला ताकद देणारी कारखान्यातली शेवटची तापवणी साधारण १५० ते १७५ अंशांची असते, तर पावडर कोटिंगची भट्टी बहुधा १८० ते २०० अंशांवर चालते. ठरलेल्या वेळेत एकदा केलं तर सहसा चालून जातं. जास्त वेळ किंवा वारंवार तापवलं तर धातू मऊ पडू शकतो. चाकाला तडा असेल तर रंगाचा विषयच नाही, ते चाक गाडीवर चढवू नका.

नट जिथे बसतात त्या जागा आणि हबला टेकणारा मागचा भाग रंगवू नका. तिथला जाड रंग गाडी चालल्यावर दबतो आणि नट सैल होतात. चाक परत बसवताना नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा तपासा. राजापूरहून निघताना पुढे घाट आहेत, आणि तिथे चाक किती चमकतंय यापेक्षा ते किती घट्ट बसलंय हे महत्त्वाचं.