वानराला केळी तुम्ही घालता, मका आमचा जातो : खायला घालण्याचा वाद, कायदा आणि नुकसानभरपाईची सगळी माहिती

छत्रपती संभाजीनगर : वेरूळच्या लेण्यांसमोर, दौलताबाद किल्ल्याच्या पायथ्याला, खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या वाटेवर, म्हैसमाळला जाताना, अजिंठ्याला, कुठंही गाडी थांबवा, वानरं दिसणारच. आणि त्यांच्यासमोर केळी, चणे, फुटाणे, बिस्किटं टाकणारी माणसंही दिसणार. शनिवारी आणि श्रावणात तर विचारूच नका. त्याच रस्त्याच्या पलीकडं ज्याची मका दुधात आलेली असते, ज्याचे पेरू धरलेले असतात, तो शेतकरी मात्र हे बघून कपाळावर हात मारतो. आपल्या खुलताबाद, कन्नड, फुलंब्री, सिल्लोड, सोयगाव या तालुक्यांत हा वाद जवळपास प्रत्येक गावात आहे. ग्रुपवर कुणी एखादा व्हिडिओ टाकला की दोन्ही बाजूंनी भांडणं सुरू होतात. म्हणून यातलं खरं काय, ते एकदा नीट मांडू.

आधी एक फरक समजून घ्या. आपण सगळ्यांनाच माकड म्हणतो, पण काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, करड्या अंगाचं ते वानर. लाल तोंडाचं ते माकड. दोघांची पोटं वेगळी आहेत. लाल तोंड्या काहीही खातो आणि गालात भरूनही ठेवतो. वानर मुळात पाला खाणारा प्राणी. त्याच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात आणि त्यातल्या जिवाणूंच्या मदतीनं तो पाला आंबवून पचवतो. आता शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गाय ज्वारीच्या राशीत शिरली आणि भरपेट दाणे खाल्ले तर काय होतं? पोट फुगतं, आम्ल वाढतं, डॉक्टरला बोलवावं लागतं, कधी कधी जनावर हातचं जातं. बिस्किट, ब्रेड, गोड पदार्थ यांनी वानराच्या पोटाची चाल अशीच बिघडते. पुण्य म्हणून घातलेला पुडा त्याच्यासाठी पुण्याचा नसतो.

दुसरी गोष्ट संख्येची. जंगलात पाल्यासाठी दिवसभर फिरावं लागतं, उन्हाळ्यात उपासमार होते, त्यामुळं टोळीची वाढ आपोआप आटोक्यात राहते. एका जागी बसून रोज सोपं खाणं मिळालं की माद्या लवकर लवकर विणतात आणि पिल्लं जास्त जगतात. शिवाय माणसाची भीती जाते. आज हातातली पिशवी ओढणारं वानर उद्या शेतात गोफणीला भीक घालत नाही. आणि खायला घालणारे येतात ते सुट्टीच्या दिवशी, शनिवार-रविवारी, सणाला. सोमवारी ती टोळी काय खाणार? जवळचं शेत. शेतकऱ्याची खरी तक्रार ही आहे, आणि ती चुकीची आहे असं मला वाटत नाही. टोळी कणसं खाते कमी, मोडते जास्त. अर्धं कणीस सोलायचं, दोन दाणे चाखायचे, फेकायचं, पुढच्या ताटाला हात. हरभऱ्याच्या घाट्याचं आणि भुईमुगाचंही तसंच.

प्राणीप्रेमींची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात, डोंगर आपण बोडके केले, वड-पिंपळ-उंबर तोडले, मग त्या जिवांनी जायचं कुठं? राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्ये सजीव प्राण्यांबद्दल दया बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय, हेही ते दाखवतात. आणि वर मारुतीरायाचा विषय आहे. आपल्याकडं वानराला दगड मारायला शेतकऱ्याचाही हात धजत नाही, हे खरं. पण दया आणि चणे एक नव्हे. उन्हाळ्यात पाणी ठेवायचं तर ठेवा, फक्त शेतापासून आणि रस्त्यापासून लांब, वनविभागाला विचारून. पाणवठ्यानं टोळी जंगलात थांबते, रस्त्यावर टाकलेल्या केळीनं ती खाली उतरते आणि गाडीखालीही येते.

उपळ्याची गोष्ट

वानर-माकडांना मानानं वागवणारं गाव मराठवाड्यातच आहे. धाराशिव जिल्ह्यातलं उपळा. गावाच्या नावातच माकडाचे असं लागतं. २०२२ मध्ये बातमी आली होती की तिथल्या ग्रामपंचायतीच्या नोंदीत ३२ एकर जमीन गावातल्या सगळ्या माकडांच्या नावावर आहे. ही नोंद कुणी आणि कधी केली ते गावातल्यांनाही सांगता येत नव्हतं. पूर्वी गावात लग्न असलं की आधी माकडांना आहेर आणि मग पुढचा विधी, अशी पद्धत होती. दारात आलेल्या माकडाला लोक खायला देतात, हाकलत नाहीत. त्या जमिनीवर वनविभागानं झाडं लावली. मला यातली महत्त्वाची वाटते ती ही जमीन आणि झाडं. गावानं माकडासाठी स्वतःची जागा सोडली होती. शहरातून गाडीत बसून यायचं, दुसऱ्याच्या बांधाला फुटाणे टाकायचे आणि फोटो काढून निघून जायचं, त्यापेक्षा हा हिशोब वेगळा आहे. नुकसान कुणाच्या वाट्याला येतं हे तिथं गावाला माहीत होतं.

असा वाद फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये काय गोंधळ झाला ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तिकडं इंग्लंडमध्ये बॅजर नावाचा बिळात राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला प्राणी आहे. हौशी लोक रात्री अंगणात त्याच्यासाठी शेंगदाणे टाकतात. गाईवाले शेतकरी चिडतात, कारण बॅजरमधून गुरांना क्षय लागतो. २०१३ पासून तिथल्या सरकारनं काही भागांत बॅजर मारायची परवानगी दिली आणि त्यावरून तिथं मोर्चेही निघाले.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. या कायद्यानं वानराला पकडणं, फासा लावणं, विष घालणं, मारणं ही शिकार ठरते. अगदी आमिष दाखवून पकडायचा प्रयत्नसुद्धा. शिक्षा साधारण तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर तीन ते सात वर्षं. म्हणून रागाच्या भरात कणसात विष किंवा गावठी बॉम्ब ठेवायचा विचारही करू नका. कुंपणात थेट लाईटचा करंट सोडणं तर आपल्याच पोरांच्या जिवावर येतं. बॅटरीवरचं झटका मशीन वेगळं, ते चालतं. कार्बाइडची पाईपची बंदूक आपल्याकडं वानर हाकलायला सर्रास वापरतात. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं याच बंदुकीनं कितीतरी लेकरांचे डोळे गेले. ती घरात पोरांच्या हाती लागू देऊ नका.

खायला घालणाऱ्यांचं काय? गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासूनचं अभयारण्य आहे. अभयारण्यात प्राण्यांना छेडणं आणि कचरा करणं याला कायद्यानंच मनाई आहे, आणि तिथं फिरताना वनविभागाच्या अटी पाळाव्या लागतात. अभयारण्याबाहेर, साध्या रस्त्यावर वानराला केळी टाकली म्हणून थेट शिक्षा होईल असं स्पष्ट कलम दाखवणं अवघड आहे. घाटरस्त्यांवर वनविभाग फलक लावतो, समज देतो. ग्रामसभा ठराव करू शकते, देवस्थान विश्वस्तांना विनंती करू शकते की दुकानात वानरांसाठी म्हणून चणे-फुटाणे विकू नका आणि प्रसादाचा कचरा उघड्यावर टाकू नका. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानंच पडेल, कारण विकत मिळतं म्हणून टाकलं जातं.

टोळी फारच त्रास देत असेल तर पकडायचा अधिकार वनविभागाचा आहे. २०२५ च्या अखेरीस राज्य सरकारनं माकड पकडणाऱ्यांना एका माकडामागं ६०० रुपये द्यायचं ठरवलं. पकडलेली माकडं वस्तीपासून लांब नेऊन सोडायची असतात. पण ती दुसऱ्या गावाच्या शिवारात उतरली तर त्या गावानं कुणाकडं बघायचं, हा प्रश्न उरतोच. गावात खाणं चालूच राहिलं तर रिकाम्या जागी नवी टोळीही येते.

नुकसान झालं तर

रानडुक्कर, हरीण, रोही यांच्याप्रमाणंच माकड आणि वानर यांनी केलेल्या पिकाच्या व फळबागेच्या नुकसानीलाही राज्य सरकारची भरपाई आहे. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत सातबारा, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, मोडलेल्या पिकाचे फोटो. पंचनामा होईपर्यंत ती जागा तशीच ठेवा, मोडलेली ताटं जनावरांना टाकू नका. पंचनाम्याला वनविभागासोबत महसूल आणि कृषी विभागाचा माणूस असतो. वनजमिनीवर अतिक्रमण असेल किंवा वनगुन्हा दाखल असेल तर भरपाई मिळत नाही. पूर्ण नुकसान भरून निघत नाही, दर ठरलेले आहेत आणि ते अधूनमधून बदलतात, तरी अर्ज सोडू नका. अर्जच नसेल तर तुमच्या गावात वानरांचा त्रास आहे हे कागदावर दिसतच नाही.

दुसरा मार्ग पीक विम्याचा. वन्यप्राण्यांमुळं झालेलं नुकसान खरीप २०२६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत घेणार असं केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे ते राज्यानं अधिसूचित करायचं आहे. त्यामुळं विमा भरताना सीएससी सेंटरवर आपल्या तालुक्याचं विचारून घ्या. तक्रार ७२ तासांत पीक विमा ॲपवर करायची असून फोटो त्याच जागेवरून, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून काढायचा आहे.

वानर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना लावत बसू नका. रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. जखमी वानर दिसलं किंवा टोळीचा त्रास कळवायचा असेल तर वनविभागाचा हेल्पलाईन नंबर १९२६.