मिरज शहराची लोकवस्ती, घरबांधणी व हवामान

मिरज हे महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील शहर असून त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्यालय आहे. ते कृष्णा नदीच्या डाव्या तीरापासून थोड्या अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५५ मीटर उंचीवर वसलेले आहे. येथे पाऊस थोडा पडतो. मात्र जवळून वाहणाऱ्या कृष्णेला सह्याद्रीतील मुसळधार पावसाचे पाणी मिळते. अवर्षण आणि महापूर या दोन्ही गोष्टींचा परिणाम शहराच्या वस्तीवर व घरबांधणीवर झालेला दिसतो.

भूरचना

मिरजेच्या परिसरात नदीकाठी खोल काळी जमीन आहे. पूर्वेकडे आरग, बेडग, सलगरे या गावांच्या दिशेने जमीन उथळ व मुरमाड होत जाते आणि पुढे कवठे महांकाळ व जत तालुक्यांचा अवर्षणप्रवण पट्टा सुरू होतो. जुने शहर व किल्ला नदीकाठापासून दूर, तुलनेने उंच जागी आहेत. कृष्णा घाटाचा परिसर मात्र सखल आहे.

हवामान

मिरज सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. त्यामुळे येथील हवामान अर्धशुष्क स्वरूपाचे आहे. कृष्णेच्या उगमाजवळ महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर मिरजेत सर्वसाधारणपणे ५०० ते ६५० मिलिमीटर. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर मेघगर्जनेसह वळवाच्या सरी येतात. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाचा वाटाही मोठा असतो आणि रब्बी ज्वारीची पेरणी त्याच्याच ओलीवर होते. उन्हाळ्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, तरी रात्री तुलनेने सुसह्य असतात. हिवाळा कोरडा व सौम्य असतो.

लोकसंख्या

संस्थानकाळात मिरज ही पटवर्धन घराण्याच्या मिरज (थोरली पाती) संस्थानाची राजधानी होती. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८,४२५ नोंदवली गेली. त्याआधीच्या काही वर्षांत मुंबई इलाख्याला प्लेग आणि दोन मोठ्या दुष्काळांना तोंड द्यावे लागले होते.

शहराच्या वाढीला रेल्वे व वैद्यकीय सेवा ही दोन प्रमुख कारणे आहेत. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे मिरजेपर्यंत पोहोचली. त्यामुळे पुणे, कोल्हापूर, बेळगाव व पंढरपूर या दिशांना जोडणारे हे जंक्शन बनले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन रुग्णालय उभारले. पुढे शहराजवळ वॉन्लेसवाडी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येथे येतात. शहरात मराठीबरोबर दखनी उर्दू व कन्नडही बोलली जाते.

१९९८ मध्ये सांगली, मिरज व कुपवाड यांची एकत्रित महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेनुसार या महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ५,०२,७९३ होती. हा आकडा तिन्ही शहरांचा मिळून आहे. तो एकट्या मिरजेचा समजून जुन्या आकड्यांशी तुलना केल्यास वाढीचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा फार मोठे भासते.

घरबांधणी

गावाच्या वसतिस्थानास ‘पांढरी’ आणि शेतजमिनीस ‘काळी’ म्हणण्याची महाराष्ट्रातील जुनी पद्धत या भागातील घरांच्या बांधणीशी जुळते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्यामुळे काळ्या जमिनीवरील घराचा पाया खाली मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो. तसे न केल्यास भिंतींना तडे जातात.

पूर्वेकडील कमी पावसाच्या गावांत माळवदाची घरे रूढ होती. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या व पाला अंथरून त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर देत. असे सपाट छप्पर उन्हाचा ताप अडवते, आणि धान्य वाळवण्यासाठी व उन्हाळ्यात झोपण्यासाठीही उपयोगी पडते. जोराच्या संततधार पावसात ते गळते, म्हणून पश्चिमेकडील अधिक पावसाच्या भागात उतरती कौलारू छपरे आढळतात. मिरजेच्या जुन्या भागात चौकाचे वाडे आणि घरातच कारखाना असलेली सतारमेकरांची घरे आहेत. पंढरपूर परिसरात पिकणारा भोपळा वाळवून तेथे सतारी व तंबोरे घडवले जातात. रेल्वे वसाहत आणि रुग्णालयांभोवतीची वस्ती नंतरच्या काळातील आहे. नव्या बांधकामांत सिमेंट काँक्रीटच्या इमारती अधिक आहेत.

पूर

मिरजेला बाधणारे पूर बहुतांशी स्थानिक पावसाने येत नाहीत. कोयना व वारणा खोऱ्यांतील अतिवृष्टी, धरणांतून सोडावे लागणारे पाणी आणि हरिपूर येथे कृष्णेला मिळणारी वारणा यांमुळे पातळी वाढते. २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे पूर आले. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. कृष्णा घाट परिसर तसेच ढवळी, म्हैसाळ यांसारख्या नदीकाठच्या गावांना अशा पुरांची झळ बसते. जुने मिरज उंचावर असल्याने तेथील धोका कमी असतो.

बांधकामाच्या नियमनासाठी दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असते आणि दोन्ही रेषांमधील पट्ट्यात ते अटींसह करता येते. शहराची वाढ सखल जमिनीकडे झाल्यास पूरग्रस्तांची संख्या वाढते. त्यामुळे या रेषांचे पालन हा येथील घरबांधणीतील कळीचा प्रश्न आहे.

पाणीपुरवठा व दुष्काळ

मिरजेच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार कृष्णाच आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेद्वारे नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून तालुक्याच्या पूर्व भागास, तसेच कवठे महांकाळ व जत तालुक्यांस दिले जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरात तीव्र पाणीटंचाई झाली, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवण्यात आले. १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून १२ एप्रिल रोजी लातुरास पोहोचली. पुढे ५० वाघिणींच्या गाड्याही सोडण्यात आल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी याच नदीला २०१९ चा महापूर आला.